मोझरीजवळचं तर्री-पोह्याचं हॉटेल, ४ स्टार

तर्री एक नंबर, चणे मऊ शिजलेले, फक्त चहा लय गोड हाये बावा. पण रिव्ह्यू लिहून राहिलो तो एका हवालदार काकांमुळं. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा रात्रभर बंदोबस्त करून आले, बाहेर गाडीवर सद्रक्षणाय खलनिग्रहणाय लिहिलेलं, टोपी टेबलावर ठेवली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले न मंगच घास घेतला. मालक पैसे घेईना तं बरणीखाली पन्नासची नोट दाबली, म्हणे राष्ट्रसंतांच्या गावात फुकट खाऊ काय? मी इचारलं, काका एवढ्या गर्दीत डोकं फिरत नाही? तं म्हणे फिरते ना, पण सामुदायिक प्रार्थनेत बसलो की तोंडावर आलेली शिवी मागं जाते. पार्किंग नाही, एक स्टार त्याचा कापला.