जुनी दुनळी विकायची होती: फोंड्यातल्या बंदुकीच्या दुकानाबद्दल

गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग आहे. यजमान गेल्यावर शेतराखणीचा परवाना मी माझ्या नावावर काढला, त्यांची बारा बोअर दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) त्यावर चढवली आणि माकडं, रानडुकरं उतरली की बार काढून हुसकावत आले. आता बागायत खंडाने दिलीय. मुलगा पुण्याला, त्याला परवान्याच्या भानगडीत पडायचंच नाही. त्यात निवडणूक आली की बंदूक ठाण्यावर जमा करा, संपली की सोडवून आणा. आणि गोव्यात निवडणुका काय, पंचायत झाली की झेडपी, ती झाली की विधानसभा!

गावात सगळे सांगायचे, बंदूक दुकानदारालाच द्यावी लागते. म्हणून या दुकानात गेले. शेठनी सांगितलेला भाव ऐकून मी उठलेच होते, तर म्हणाले, "बाई, माझ्याकडून याहून जास्त निघणार नाही. परवानावाला गिऱ्हाईक मिळत असेल तर थेट द्या. कायद्यात सोय आहे."

सोय आहे ती 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 मध्ये. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेली बंदूक, ती बाळगायला पात्र असलेल्या माणसाला विकायची तर विक्रीचा परवाना लागत नाही. मात्र आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचं, त्यात घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि मग निदान 45 दिवस थांबायचं. तोवर बंदूक घेणाऱ्याच्या हातात द्यायची नाही. नियम मोडला तर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, म्हणजे "ओळखीचाच आहे, घेऊन जाऊ दे" हा प्रकार इथे चालत नाही.

गिऱ्हाईक पेडण्याकडचा एक बागायतदार मिळाला. शेठनी त्याचा मूळ परवाना मागितला, झेरॉक्सला हातही लावला नाही. मुदत, युआयएन नंबर (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), बारा बोअरची परवानगी, आधीची हत्यारं, सगळं बघितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. याच्या परवान्यावर एकही चढलेली नव्हती.

खरे पैसे वसूल झाले ते तपासणीत. त्यांनी बंदूक बिजागरीत उघडून नळ्या काढल्या, दाराच्या उजेडाकडे धरल्या आणि डाव्या नळीत तोंडाजवळ गंजाचे बारीक खड्डे मला दाखवले. इतकी वर्षं तेल घालून मला ते कधी दिसले नव्हते. मग नळ्या बसवून बिजागरी कानाशी हलवली, खडखड नाही. शेवटी काडतूस बसतं ती जागा मापली. जुन्या बंदुकांत ती 65 मिलिमीटरची असते आणि आजची काडतुसं बहुतेक 70 ची. ती आखूड जागेत उडवली की दाब वाढतो. माझी 70 ची निघाली. हे सगळं त्यांनी घेणाऱ्यासमोर, खड्ड्यांसकट सांगितलं. त्याने थोडे पैसे कमी केले, पण मागाहून कटकट राहिली नाही.

पत्राचा नमुना त्यांच्याकडे तयार असतो. बंदुकीचा नंबर, बनावट आणि उरलेली काडतुसंसुद्धा त्यात लिहायला लावली, कारण कायदा काडतुसांनाही लागतो. माझं पत्र जिथे दिलं तिथल्या कारकुनाला आवक शिक्का मारायचा भारी कंटाळा. "ठेवून जा, बघतो." शेठनी बजावलं होतं, शिक्का आणि तारीख असलेली प्रत हातात आल्याशिवाय उठू नका, 45 दिवस मोजायचे कुठून? मी बाकावर बसून राहिले. मिळाली.

मुदत भरल्यावर कागद जिल्हाधिकारी कार्यालयात गेले, माझ्या परवान्यावरून बंदूक उतरली, त्याच्या परवान्यावर चढली.

दुकानाचे दोष? मधल्या काळात बंदूक मी त्यांच्याकडेच रीतसर जमा ठेवली, त्याची ठेवणावळ पहिल्या दिवशी बोलले नाहीत, शेवटी हिशेबात आली. फार नव्हती, पण आधी सांगायला हवी होती. जमा केल्याची पावतीही मागितल्यावर मिळाली, ती सोडू नका. दुपारी एक ते चार शटर खाली, तेव्हा फोनही उचलत नाहीत. वाळपईहून बसने येणाऱ्यांनी सकाळचीच गाडी धरावी. पाचांतले चार गुण.