ट्रायम्फ स्पीड ४००: वेटिंगच्या काळात घेतलेली गाडी, वर्षभर वापरल्यावर

जुलै २०२३ मध्ये ट्रायम्फ स्पीड ४०० ही मोटरसायकल २.३३ लाख एक्स-शोरूमला आली. पहिल्या दहा हजार ग्राहकांना २.२३ लाखांत. बनते चाकणला, तरी वेटिंग लागलंच. अशा वेळी डिस्काउंट मागण्यात अर्थ नाही. वाद घालायचा तो कोटेशनमधल्या फालतू रकमांवर आणि ताबा घेण्याआधीच्या तपासणीवर.

कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत, टॅक्स, नोंदणीची सरकारी फी आणि विमा एवढंच हवं. महाराष्ट्रात २९९ सीसीवरच्या दुचाकीला १२ टक्के टॅक्स, म्हणजे २.३३ लाखांवर २८ हजारांच्या आसपास. 'हँडलिंग चार्जेस' काढायला लावा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. एक वर्षाचा ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) असला की झालं. १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तर तो पुन्हा घेऊ नका. 'ॲक्सेसरीज घेतल्या तर गाडी लवकर' असं कोणी म्हणालं तर लेखी मागा. विषय तिथेच संपतो.

गाडी बघायची ती पासिंगआधी, चेसिस नंबर जुळवून. फॉर्म २१ वर (विक्रीच्या दाखल्यावर) उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. कुणाचं बुकिंग रद्द झाल्यामुळे अचानक मिळणारी गाडी जरूर घ्या, पण ती डिस्प्लेची किंवा टेस्ट राइडची नाही ना, ते आधी पाहा: ओडोमीटर, फूटपेगची (पाय ठेवायच्या दांडीची) झीज, टायरवरचा चार अंकी कोड (३२२३ म्हणजे २०२३ चा ३२वा आठवडा). पुढच्या फोर्कच्या (शॉकअपच्या) खालच्या चकचकीत नळीवरून बोट फिरवा. तिथे ओरखडा असेल तर आज ना उद्या ऑइल सील गळणार.

मागणी जोरात असली की पीडीआय (ताबा देण्याआधी शोरूमने करायची तपासणी) उरकलं जातं. टायरमध्ये हवा जास्त, बॅटरी अर्धवट चार्ज (बंद गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करून घ्या) आणि चेन नको तितकी ताणलेली. यातली चेन सगळ्यात महाग पडते. माणूस बसला की ती आणखी ताणते आणि सगळा भार स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) व गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. चेनची ढील मॅन्युअलप्रमाणे शोरूममध्येच करून घ्या.

आता गाडीबद्दल. ताकद ४० पीएस, टॉर्क (ओढ) ३७.५ एनएम, इंजिन खालच्या आरपीएमलाही कुरकुर न करता ओढतं, ओव्हरटेकला गिअर पाडावा लागत नाही. मायलेज लिटरला २८-३० किलोमीटर, टाकी १३ लिटरची, म्हणजे साडेतीनशे किलोमीटर निवांत. सिग्नलला रेडिएटरचा फॅन सुरू झाला की पायांवर गरम हवा येते. एप्रिल-मेमध्ये जीन्समधूनही जाणवते. पहिली सर्व्हिस १,००० किलोमीटरला, पुढची थेट १६,००० ला किंवा वर्षाने. हे अंतर सोयीचं असलं तरी मधल्या काळात चेनकडे कोणी बघत नाही. दर ५०० किलोमीटरला चेनला ल्यूब (वंगण) मारा, पावसाळ्यात त्याहून लवकर.

सीट कडक आहे, पुणे-कोल्हापूर एका दमात नको. क्लच-ब्रेकचे लिव्हरही ॲडजस्ट होत नाहीत. सप्टेंबर २०२४ च्या मॉडेलमध्ये जाड फोमची सीट आणि ॲडजस्टेबल लिव्हर आले, किंमत २.४० लाख. ज्यांनी रांगेत न घुसता वर्षभर कळ काढली, त्यांना सात हजार जास्त देऊन बरी गाडी मिळाली.