ट्रान्सफॉर्मरमध्ये खनिज तेल भरावे की एस्टर?

ट्रान्सफॉर्मर थंड ठेवायला आणि आतली वीज अडवायला त्यात एक तर पेट्रोलियमपासूनचे खनिज तेल भरतात, नाहीतर एस्टर, म्हणजे वनस्पती तेलापासूनचा (नैसर्गिक) किंवा कारखान्यात घडवलेला (कृत्रिम) द्रव. तेल विद्युतरोधक असले तरी त्यातून थोडी वीज वाहतेच. धातूत हे काम इलेक्ट्रॉन करतात, तेलात मुख्यतः आयन, आणि तेही बहुधा तेलाचे स्वतःचे नसून त्यात विरघळलेल्या अशुद्धीचे. विद्युतक्षेत्र तीव्र झाले की अशुद्धीचे रेणू अधिक फुटून आयन वाढतात. रसायनशास्त्रज्ञ लार्स ऑनसागर यांनी १९३४ साली याचे गणित मांडले. तेल तापून पातळ झाले की हेच आयन भराभर सरकतात. त्याहून तीव्र क्षेत्रात धातूच्या टोकदार कडेवरून प्रभार थेट तेलात शिरतो.

एवढे ध्यानात ठेवून टॅन डेल्टाचे, म्हणजे तेलात वाया जाणाऱ्या विजेच्या मापाचे, आकडे पाहा. ९० अंश सेल्सिअसला नव्या खनिज तेलासाठी मर्यादा ०.००५, तर नैसर्गिक एस्टरसाठी ०.०५. दहापट फरक पाहून एस्टर नापास करणारे भेटतात, पण एस्टरचा रेणूच ध्रुवीय असल्याने त्यात आयन जास्त सुटतात. खनिज तेलाची फूटपट्टी त्याला लावणे चुकीचेच.

पाण्याचा हिशेब मात्र एस्टरच्या बाजूने जातो. सामान्य तापमानाला खनिज तेलात जेमतेम ५५-६० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) पाणी विरघळते, नैसर्गिक एस्टरमध्ये हजारच्या आसपास. म्हणजे ३० पीपीएमला खनिज तेल निम्मे संपृक्त झालेले असते. गुंडाळीवरच्या विद्युतरोधक कागदाचे तेलात तरंगणारे तंतू मग ओलावतात, क्षेत्राच्या दिशेने रांग धरतात, दोन इलेक्ट्रोडमध्ये पूल बांधतात आणि बीडीव्ही (ज्या विद्युतदाबाला तेलातून ठिणगी पडते तो) कोसळतो. एस्टरला तेवढ्या पाण्याचे काही वाटत नाही. उलट तो कागदातला ओलावा ओढून घेतो आणि कागद जास्त टिकतो. अग्निबिंदूही (ज्या तापमानाला तेल पेटून जळत राहते तो) ३०० अंशांच्या वर. खनिज तेलाचा १७०च्या आसपास.

मग सगळीकडे एस्टरच का नाही? ४० अंशांना तो खनिज तेलाच्या सुमारे तिप्पट घट्ट, त्यामुळे थंड करण्याचे मार्ग रुंद लागतात. नैसर्गिक एस्टर हवेच्या सतत संपर्कात राहिला तर ऑक्सिडेशनने आणखी घट्ट होतो. आणि बीडीव्हीच्या चाचणीत न दिसणारी एक गोष्ट: ती चाचणी २.५ मिलिमीटर अंतरावर होते आणि तिथे दोन्ही तेले तुल्यबळ ठरतात. मोठ्या अंतरावर, टोकदार कडेजवळ विजेच्या लोळासारखा आघात आला की एस्टरमधला स्ट्रीमर (तेल भेदत पुढे सरकणारी विजेची वाट) खनिज तेलातल्यापेक्षा कमी विद्युतदाबालाच सुसाट धावू लागतो. अतिउच्च दाबाच्या यंत्रात नुसते तेल बदलून भागत नाही, आतली रचनाही नव्याने आखावी लागते.

माझे मत सांगतो. ट्रान्सफॉर्मर सीलबंद, वितरणाचा आणि इमारतीत किंवा वस्तीलगत असेल तर डोळे झाकून नैसर्गिक एस्टर. कडाक्याची थंडी किंवा हवेशी संपर्क असेल तर कृत्रिम एस्टर, खिशाला जड असला तरी. अतिउच्च दाबाच्या, ब्रीदरवर (ज्यातून बाहेरची हवा आत-बाहेर होते त्यावर) चालणाऱ्या जुन्या यंत्रात खनिज तेलच राहू द्या, फक्त हवेतला ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची आणि फिल्टरची हयगय नको. जुन्या यंत्रात एस्टर भरायचाच असेल, तर आधीचे तेल शक्य तितके निथळून काढा. तळाशी थोडेसे उरले तरी मिश्रणाचा अग्निबिंदू घसरतो.