जळगाव ते उनपदेव: दगड वाचायला शिकवणारी एक दिवसाची सहल

डिसेंबरमधल्या एका रविवारी जळगावहून निघालेल्या भूशास्त्र सहलीत आम्ही अठरा जण होतो. विदगावच्या पुलापाशी तापी, मग अडावदजवळचे उनपदेव आणि शेवटी यावलकडचा सातपुड्याचा पायथा असा मार्ग होता. जेवण आणि वाहन धरून माणशी बाराशे रुपये घेतले. पाचपैकी चार गुण मी देईन. उणा ठेवलेला एक गुण बहुतांशी छापील पत्रकामुळे गेला.

त्या पत्रकात सातपुडा हा 'हिमालयासारखा वली पर्वत' असल्याचे लिहिले होते. शाळेत भूगोल शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला ही चूक घशाखाली उतरत नाही. हिमालय सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भारत आणि आशिया यांच्या टकरीतून, थरांना वळ्या पडून उभा राहिला. सातपुडा मात्र नर्मदा आणि तापी यांच्या खचदऱ्यांमध्ये, म्हणजे जमीन खचून झालेल्या दऱ्यांमध्ये, प्रस्तरभंगांच्या (भूकवच तुटून सरकलेल्या भेगांच्या) रेषांवर वर राहिलेला गट पर्वत आहे. त्याच्या अंगावरचा काळा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे, म्हणजे हिमालयाच्या जन्माआधीचा. मार्गदर्शकांना ही चूक दाखवली, तेव्हा त्यांनी सर्वांसमक्ष ती मान्य केली आणि पुढच्या खेपेला पत्रक बदलू असे सांगितले.

सहलीचे खरे मोल उनपदेवच्या आवारात झालेल्या अर्ध्या तासात होते. मार्गदर्शकांनी पाण्याने भरलेल्या टबात तीन फळ्यांची चवड तरंगत ठेवली आणि खालच्या फळीवर पाण्याच्या पातळीला लाल पेन्सिलीने रेघ ओढली. वरची फळी उचलताच चवड हलकी झाली, वर आली आणि ती रेघ पाण्याबाहेर डोकावू लागली. पर्वताचेही असेच आहे: नद्या त्याचा माथा खरवडून नेतात, ओझे कमी होते आणि खालचे भूकवच प्रावरणावर, म्हणजे त्याखालच्या जड थरावर, वर सरकते. भूकवचाची घनता पाण्याच्या 2.8 पट आणि प्रावरणाची 3.3 पट धरली, तर एखाद्या विस्तीर्ण प्रदेशावरून सारखा 1000 मीटर खडक झिजला तरी सुमारे 850 मीटरची भरपाई खालून होते आणि उंची प्रत्यक्षात 150 मीटरच घटते. पर्वत संपायला इतका काळ का लागतो, हे आमच्यातल्या दहावीच्या मुलीला त्या टबाने एका दमात समजावले.

इथे माझी एक तक्रार आहे. 'झिजल्याने पर्वत उंच होतो' एवढेच सांगून त्यांनी विषय सोडला, तेवढ्यावर भागत नाही. सरासरी उंची घटतच असते, फक्त नद्यांनी दऱ्या खोल कापल्या आणि शिखरे तशीच राहिली तर भरपाईचा उठाव शिखरांनाही मिळतो आणि ती पूर्वीपेक्षा वर जातात. 8126 मीटर उंचीच्या नंगा पर्वताच्या कुशीतून सिंधू वाहते, तिथे या दोन्ही गोष्टी एका नजरेत दिसतात. शिवाय भूकवच काही टबातल्या सुट्या फळ्यांसारखे नव्हे, ते सलग आणि ताठ असते, त्यामुळे सातपुड्यासारखी अरुंद रांग एकटीच तरंगत वर येत नाही, आजूबाजूचा प्रदेशही थोडाफार वाकतो.

भूकवच प्रावरणावर तरंगते या कल्पनेचा इतिहास मात्र त्यांनी रंगवून सांगितला. हिमालयाजवळचे कलियाना आणि मध्य भारतातले कलियानपूर यांच्या अक्षांशांतला फरक जमिनीवरच्या मोजणीने आणि ताऱ्यांवरून काढला, तेव्हा भारताच्या सर्वेक्षणाला दोन उत्तरांत 5.236 सेकंदांची (सेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) तफावत आढळली होती. पर्वत ओळंब्याची दोरी स्वतःकडे ओढतो म्हणून ही तफावत येते, पण गणितज्ञ प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानाचे गणित मांडले, तर ती 15 सेकंदांहून अधिक यायला हवी होती, म्हणजे पर्वताची ओढ अपेक्षेपेक्षा कमी भरली. पर्वताच्या खाली हलक्या खडकाचे मूळ असावे, हे खगोलशास्त्रज्ञ एअरी यांचे उत्तर 1855 सालचे.

उनपदेवच्या गरम पाण्याबद्दल 'खाली ज्वालामुखी आहे' ही ऐकीव समजूत त्यांनी खोडून काढली, हेही चांगले झाले. भेगांतून खोल मुरलेले पावसाचे पाणी तापून वर येते. खाली जाताना दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापमान वाढते, तेवढे त्याला पुरते.

जेवणाला बामणोदच्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याच्या भाकरी होत्या. त्याबद्दल तक्रार करणारा माणूस खानदेशी नव्हे.

यावलचा थांबा मात्र वाहनाला झालेल्या उशिरामुळे वीस मिनिटांत उरकला गेला आणि माझ्या मते तोच सर्वांत समृद्ध होता. नाल्याच्या कापलेल्या काठात तांब्याएवढे बेसाल्टचे गोटे, त्यांत अडकलेल्या पांढऱ्या गारगोट्या आणि वर जेमतेम हातभर माती असा थर उघडा पडला होता. डोंगरातून धावत आलेले ओढे सपाटीवर आले की जोर गमावतात आणि जड माल आधी टाकतात. तापीकडे जावे तसे गोट्यांची रेती आणि रेतीची काळी माती होत जाते. सातपुड्याचा हरवलेला माथा इथे पसरलेला आहे आणि पावसाचे पाणी त्याच गोट्यांतून मुरून खाली केळीच्या बागांना मिळते. बागेत भेटलेल्या एका मामांनी हसत सांगितले, "बोअर घेताना गोटे लागले की मशीनवाल्याचं तोंड उतरतं, पण पाणी मात्र त्यातच असतं."

आयोजकांनी हा थांबा सकाळी पहिला घ्यावा. तिरप्या उन्हात काठाचे थर स्पष्ट दिसतात, आम्ही पोहोचलो तेव्हा त्यावर सावली आली होती आणि माझे निम्मे फोटो वाया गेले.