डेसिटाबिन: आरकेओ पेशींवर काही महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकते. डेसिटाबिन हे औषध कामाचं आहे, पण नाजूक आहे आणि खिशाला लागतं. ते जे उत्तर देतं ते तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचंच आहे ना, हे तपासायचं काम पुन्हा तुमच्याच गळ्यात पडतं. एवढं मान्य असेल तर घ्या.

कॅन्सर पेशीतलं एखादं जनुक बंद आहे, त्याच्या प्रमोटरवर (वाचन जिथून सुरू होतं त्या भागावर) मिथिलेशन (डीएनएवर मिथाइल गट बसणं) सापडलंय, आणि या दोन गोष्टींचा खरंच संबंध आहे का हे पाहायचंय, अशा वेळी जवळजवळ प्रत्येक लॅब डेसिटाबिनकडे वळते. पूर्ण नाव ५-अझा-२'-डीऑक्सिसायटिडिन. आमचा विषय कोलन कॅन्सर, त्यामुळे मी ते मुख्यतः आरकेओ आणि एचसीटी११६ या दोन सेल लाइनवर (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशींवर) वापरलं. नव्याने सुरू करणाऱ्यांनी हीच जोडी घ्यावी असं मी आग्रहाने सांगेन.

कारण एमएलएच१ हे जनुक. डीएनएची नक्कल होताना चुकीची अक्षरं बसली की ती दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेतलं हे एक महत्त्वाचं प्रथिन. दोन्ही सेल लाइनमध्ये ते नाही, पण नसण्याची कारणं वेगळी. एचसीटी११६ मध्ये जनुकाच्या मजकुरातच अकाली थांबा सांगणारं म्युटेशन आहे. आरकेओमध्ये मजकूर शाबूत आहे, मात्र प्रमोटरवरच्या सीपीजी बेटावर (सी आणि जी ही अक्षरं लागोपाठ, दाटीने येतात त्या पट्ट्यावर) मिथाइल गट दाटीने बसलेत. तिथे वाचन सुरूच होत नाही. काही ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरना (जनुकाचं वाचन सुरू करणाऱ्या प्रथिनांना) मिथाइल असलेल्या जागी बसता येत नाही. शिवाय एमईसीपी२ सारखी प्रथिनं मिथाइल ओळखून तिथे येतात, सोबत हिस्टोनवरचे (ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) असिटाइल गट काढणारी एन्झाइमं आणतात, आणि तो भाग घट्ट गुंडाळला जातो. एकच जनुक, दोन पेशी, दोन प्रकारचं बंद. मिथिलेशन काढल्यावर आरकेओत एमएलएच१ परत यायला हवं, एचसीटी११६ मध्ये येता कामा नये. याहून चांगला कंट्रोल पैसे देऊनही मिळत नाही.

आता औषध काम कसं करतं. ते मिथाइल गट खरवडून काढत नाही. हे मी तीनदा लिहायला तयार आहे, कारण सेमिनारमध्ये अजूनही तसं ऐकू येतं. डीएनएमटी१ हे एन्झाइम तलाठी कार्यालयातल्या नक्कल काढणाऱ्या कारकुनासारखं आहे: पेशी विभागली की जुन्या धाग्यावरच्या मिथाइलच्या खुणा बघून नव्या धाग्यावर तशाच खुणा करायच्या. डेसिटाबिन सायटोसिनच्या (डीएनएतल्या सी या अक्षराच्या) जागी नव्या धाग्यात शिरतं, एन्झाइम तिथे खूण करायला जातं आणि त्याच जागेला रासायनिक बंधाने चिकटून बसतं. मग पेशी त्या अडकलेल्या एन्झाइमची विल्हेवाट लावते. एन्झाइम कमी झालं की पुढच्या प्रत्येक विभाजनात खुणा विरळ होत जातात. म्हणजे पेशी विभागतच नसेल तर हे औषध जवळपास निरुपयोगी. फ्लास्क गच्च भरलेला असताना औषध टाकून काही झालं नाही म्हणणाऱ्यांनी आधी पेशी पातळ करून लावाव्यात. आरकेओ साधारण दिवसागणिक दुप्पट होतात, म्हणून बरं पडतं.

हाताळणी हा सगळ्यात कटकटीचा भाग. पाण्यात गेल्यावर हे संयुग तग धरत नाही. ३७ अंशांवरच्या मीडियममध्ये ते काही तासांतच मोडायला लागतं, त्यामुळे रोज मीडियम बदलून ताजं औषध घालायचं, रविवार असो की गणपती. पावडर डीएमएसओ या द्रावकात विरघळवून एकेका वापरापुरते छोटे भाग करून उणे ८० ला ठेवते. वितळवलेला भाग परत गोठवायचा नाही, उरला तर फेकायचा. जीव तुटतो, पण तरी फेकायचा. एकदा एका पुरवठादाराकडून मे महिन्यात पार्सल आलं ते बर्फाचं पाणी होऊन. तो लॉट आम्ही जुन्या लॉटशी शेजारी शेजारी लावून पाहिला आणि एमएलएच१ चा बँड (चाचणीत दिसणारी प्रथिनाची रेघ) इतका फिका आला की परत पाठवला. तेव्हापासून नवा लॉट आला की आरकेओवर आधी चाचणी, मग बाकीचं काम.

डोसबद्दल जुन्या प्रोटोकॉलांवर फार विसंबू नका. ५, १० मायक्रोमोलर अशा आकड्यांवर पेशी मरतात, उरलेल्या फुगतात, आणि आपण मिथिलेशन अभ्यासतोय की विषबाधा हेच कळेनासं होतं. मी १ मायक्रोमोलरपासून सुरुवात केली आणि आता त्याच्या बऱ्याच खाली काम करते. तीन दिवस औषध, मग काही दिवस साधं मीडियम. मिथिलेशन विरळ व्हायला विभाजनं लागतात, त्यामुळे २४ तासांत निकाल मागणं म्हणजे उतावळेपणा. बाल्टिमोरच्या स्टीफन बेलिन यांच्या गटाने २०१२ मध्ये थोड्याच काळापुरत्या, कमी डोसचा परिणाम औषध काढल्यावरही टिकतो हे दाखवलं होतं. माझा अनुभव त्याच बाजूने आहे.

आणि निकाल? आरकेओत एमएलएच१ चा आरएनए आधी दिसू लागतो, प्रथिन मागून. वेस्टर्नवर (प्रथिन रेघेच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) जिथे महिनोन्महिने कोरी जागा पाहिली तिथे ८५ किलोडाल्टनच्या आसपास रेघ उमटते, शेजारच्या एचसीटी११६ च्या रांगेत काहीच नाही. मिथिलेशन-स्पेसिफिक पीसीआरमध्ये मात्र औषधानंतरही दोन्ही बँड राहतात, मिथाइल असलेल्याचा आणि नसलेल्याचा. ते साहजिक आहे. प्लेटमधल्या सगळ्या पेशी एका तालात विभागत नाहीत, जुने धागे अजून शिल्लक असतात. पूर्ण कोरा प्रमोटर हवा असेल तर एचसीटी११६ मधली डीएनएमटी१ आणि डीएनएमटी३बी ही दोन्ही जनुकं बाद करून २००२ मध्ये बनवलेली लाइन बघा, तिथे ९५ टक्क्यांहून अधिक मिथिलेशन गेलेलं आहे. औषधाकडून ती अपेक्षा करू नये.

आता माझी मुख्य तक्रार. डेसिटाबिन दिल्यावर एखादं जनुक वाढलं, म्हणून ते मिथिलेशनने बंद होतं असं म्हणता येत नाही. पी२१ (पेशीचं विभाजन थांबवणारं जनुक) बघा. या दोन्ही लाइनमध्ये पी५३ (डीएनएला इजा झाली की जागं होणारं प्रथिन) शाबूत आहे, पी२१ च्या प्रमोटरवर मिथिलेशनचा प्रश्न नाही, तरी औषध दिलं की पी२१ वर जातं. कारण डीएनएला चिकटलेलं एन्झाइम ही पेशीच्या दृष्टीने एक इजाच आहे. पी५३ जागं होतं आणि पी२१ ला हाक देतं. आरएनए-सीक्वेन्सिंग करून (सगळ्या जनुकांचा आरएनए एकदम मोजून) ‘वाढलेल्या’ जनुकांची भलीमोठी यादी काढायची आणि वर ‘मिथिलेशनने नियंत्रित जनुकं’ असं शीर्षक द्यायचं, असे पेपर मी आता जरा संशयानेच वाचते. आम्ही प्रत्येक प्लेटमध्ये सायटाराबिनची एक वेल (प्लेटमधला एक खळगा) ठेवतो. तेही सायटिडिनचंच भावंड, डीएनएला दुखावतं, पण मिथिलेशन काढत नाही. दोन्हींत वाढलेलं जनुक यादीतून बाजूला. पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी १९८० मध्ये उंदराच्या पेशींवर अझासायटिडिनचं (डेसिटाबिनच्या सख्ख्या नातलगाचं) काम केलं तेव्हाही सायटाराबिनशी तुलना केली होती. चाळीस वर्षांपूर्वीची शिस्त आपण का सोडली, कोण जाणे.

दुसरा गोंधळ इंटरफेरॉनच्या जनुकांचा. औषधानंतर चार-पाच दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, विषाणूविरोधी प्रतिसादाची जनुकं वर येतात. माझ्या कल्चरमध्ये काही संसर्ग शिरला का म्हणून आधी मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये छुपेपणाने वाढणाऱ्या जिवाणूंची) तपासणी केली, ती स्वच्छ आली. २०१५ मध्ये दोन गटांनी याचा उलगडा केला होता: आपल्याच जिनोममध्ये पडून असलेले प्राचीन रेट्रोव्हायरसचे तुकडे मिथिलेशनखाली दाबलेले असतात. ते उघडले की दुहेरी धाग्याचा आरएनए तयार होतो आणि पेशीला वाटतं विषाणू आला. म्हणजे यातली बरीच जनुकं स्वतःचा प्रमोटर उघडल्यामुळे नाही, तर तिसऱ्याच कुणाचा उघडल्यामुळे वाढतात. तारीखवार नमुने घेतले नाहीत तर हे वेगळं काढता येत नाही.

आणि मिथिलेशन म्हणजे बंद, हे समीकरणही प्रमोटरपुरतंच. जनुकाच्या अंगात, वाचल्या जाणाऱ्या भागात, मिथिलेशन असेल तर ते बहुधा जोमाने चालणाऱ्या जनुकाचं लक्षण असतं. तिथलं मिथिलेशन औषधाने गेल्यावर काही जनुकं उलट खाली येतात. एचसीटी११६ वर २०१४ मध्ये हे नीट दाखवलं गेलंय. कॅन्सर पेशीत मुळात एकूण मिथिलेशन कमीच झालेलं असतं, ही गोष्ट फाइनबर्ग आणि फोगेलस्टाइन यांनी १९८३ मध्येच सांगितली, आणि त्याच वेळी काही बेटं मात्र गच्च झालेली असतात. असं औषध सरसकट फिरवल्यावर एकच जनुक हलेल अशी आशा कशाला धरायची.

परिणाम टिकतो का? काही काळ. औषध थांबवून पेशी वाढवत राहिलं तर मिथिलेशन परत बसू लागतं आणि एमएलएच१ ची रेघ पुन्हा फिकी होते. कमी डोससोबत ट्रायकोस्टॅटिन ए (हिस्टोनवरचे असिटाइल गट काढणाऱ्या एन्झाइमांना अडवणारं संयुग) दिलं तर ती ठळक येते. नुसतं ट्रायकोस्टॅटिन आरकेओत एमएलएच१ उघडू शकत नाही. १९९९ मध्ये याच पेशींवर हे दाखवलं गेलं आणि आमच्याकडेही तसंच आलं. आधी मिथिलेशन ढिलं करायचं, मग हिस्टोनकडे वळायचं, हा क्रम पहिल्यांदा स्वतःच्या फिल्मवर पाहिला तेव्हा फार बरं वाटलं.

सोबत बायसल्फाइट किट (डीएनएची अक्षरं रसायनाने बदलून मिथाइल कुठे आहे ते दाखवणारं) लागणारच. त्याबद्दल थोडंच लिहिते. त्यात डीएनएचे तुकडे पडतात, म्हणून लांब पीसीआर विसरा, प्रायमर छोट्या पट्ट्यासाठी बनवा आणि पूर्ण मिथाइल केलेला व पूर्ण कोरा असे दोन्ही कंट्रोल लावा. एन्झाइमने रूपांतर करणारे किट डीएनएला सांभाळून घेतात, पण बजेट बघा.

नातेवाइकांत काम कळलं की प्रश्न येतो: बंद जनुक उघडतं, तर मग कोलन कॅन्सरला हेच का देत नाहीत? डेसिटाबिन आणि अझासायटिडिन ही रुग्णांना दिली जाणारी औषधं आहेतच. अमेरिकेत मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमसाठी (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याच्या आजारासाठी) अझासायटिडिनला २००४ मध्ये आणि डेसिटाबिनला २००६ मध्ये मान्यता मिळाली. पण शरीरात सायटिडिन डीअमिनेज हे एन्झाइम डेसिटाबिन झपाट्याने मोडतं, रक्तपेशींचे आकडे खाली जातात, आणि घट्ट गाठीतल्या सगळ्या पेशी काही रोज विभागत नाहीत. प्लेटमधल्या एका रेघेवरून कुणाला उपचार सुचवायला मी धजावत नाही, तुम्हीही धजावू नका.

अझासायटिडिन घ्यावं की डेसिटाबिन? अझासायटिडिनचा मोठा भाग आरएनएमध्ये जातो. डीएनए मिथिलेशनचाच प्रश्न असेल तर डेसिटाबिन. इजेचा गोंधळ टाळायचा असेल तर जीएसके-३६८५०३२ हा पर्याय आहे. तो डीएनएमटी१ ला अडवतो, पण डीएनएला चिकटवत नाही. आमच्या फ्रीझरमध्ये तो नुकताच आलाय, त्याबद्दल वापरल्यावरच लिहीन. आणि एकाच प्रमोटरचा सवाल असेल तर डीकॅस९ला (ठरावीक जागी जाऊन बसणाऱ्या, पण डीएनए न कापणाऱ्या प्रथिनाला) टेट१ (मिथाइल काढायला लावणारं एन्झाइम) जोडून नेमक्या त्याच बेटावर पाठवायची पद्धत आहे. एमएलएच१ साठीचे गाइड आरएनए (जागा दाखवणारे तुकडे) आम्ही मागवलेत. तोवर डेसिटाबिन चालू राहील, सायटाराबिनच्या वेलसकट.