देखाव्याला पूना हॉर्स की डेक्कन हॉर्स?

यंदा गणपतीला रणगाड्याचा देखावा करायचा, इथवर आमच्या मंडळाचं एकमत झालं. पुढे दोन तट पडले. एकांचं म्हणणं, पूना हॉर्स, म्हणजे आपल्या लष्करातली पूर्वी घोड्यांवरची आणि आता रणगाड्यांची रेजिमेंट. नावातच पुणं आहे, चर्चा कशाला? दुसऱ्यांना १९६५ च्या भारत-पाक युद्धातली असल उत्तरची लढाई हवी, म्हणजे डेक्कन हॉर्स, तशीच दुसरी रेजिमेंट. तुमच्याकडेही हाच घोळ असेल तर हे वाचा.

आधी नावाचा मोह सोडा. जून १८१७ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावावर तह लादला, फौजेच्या खर्चापोटी मुलूख तोडून घेतला आणि जुलैत पूना हॉर्सचे पहिले स्वार उभे केले. १ जानेवारी १८१८ ला हेच स्वार कोरेगावला पेशव्याच्या फौजेसमोर होते. तेव्हा निवेदनात कुणी 'पेशव्यांच्या घोडदळाचा वारसा' घुसडला तर सरळ काट मारा. डेक्कन हॉर्सचं मूळ १७९० चं, निजामाच्या घोडदळातलं. दोन्ही रेजिमेंटचं आजचं रूप मात्र पहिल्या महायुद्धानंतरचं. १९२१ मध्ये घोडदळाच्या ३९ रेजिमेंटच्या २१ केल्या, त्या जोडाजोडीत या दोन्ही घडल्या.

घोड्यांच्या काळातला प्रसंग हवा असेल तर डेक्कन हॉर्स सरस. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर, मशीनगनच्या जमान्यात, तिचे स्वार भाले घेऊन चालून गेले. पण घोडे बनवणं सोपं नाही. आमच्याकडे एका वर्षी घोड्याची गाढवं झाली होती, तो विषय नको.

रणगाड्यांकडे येऊ. असल उत्तर, सप्टेंबर १९६५. डेक्कन हॉर्सकडे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन, समोर पाकिस्तानचे नवेकोरे पॅटन रणगाडे. आपले रणगाडे घोड्याच्या नालेच्या आकारात उसात दबा धरून बसलेले, शेतांत पाणी सोडलेलं आणि पॅटन चिखलात रुतलेले. उसाचा फड म्हटल्यावर आपल्या माणसाला वेगळं समजावावं लागत नाही. अडचण एकच, याला मैदान लागतं. शिवाय तिथे थर्ड कॅव्हलरी ही दुसरी रणगाडा रेजिमेंटही लढली आणि पॅटन फोडणारे अब्दुल हमीद ग्रेनेडियर्सचे, म्हणजे पायदळातले; सगळं श्रेय एकाच रेजिमेंटला दिलंत तर प्रेक्षकांतला एखादा निवृत्त सुभेदार तिथेच कान पकडेल.

पूना हॉर्सकडे माणसं आहेत. लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत शिकलेले, आधी निजामाच्या फौजेत, मग पूना हॉर्समध्ये. पाकिस्तानातल्या चाविंड्याच्या लढाईत १६ सप्टेंबर १९६५ ला ते पडले. आणि १९७१ च्या भारत-पाक युद्धातली बसंतरची लढाई. अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, वय २१. रणगाडा पेटला होता, बाहेर पडायचा हुकूम झाला होता. तोफ चालू आहे म्हणून हा पोरगा उतरला नाही. १६ डिसेंबरला तो गेला, त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र. एक रणगाडा, एक आवाज, पाच मिनिटं. रांगेतला माणूस थांबतोच.

सुताराच्या बाजूनेही बघा. पूना हॉर्सचा सेंच्युरियन रणगाडा लांबलचक, पण त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची झडप असते, चाकं बरीचशी झाकली जातात; प्लाय कापून ठोकला की काम भागलं. शर्मनची चाकं उघडी, प्रत्येक जोडी वेगळी करा, शिवाय वरचा, तोफ बसवलेला बुरूज गोलसर. त्यात आठ दिवस सहज जातात.

म्हणून चौकातला मांडव असेल तर पूना हॉर्स, बसंतर. मैदान आणि खरा ऊस मिळत असेल तर डेक्कन हॉर्स बिनधास्त घ्या. काहीही ठरलं तरी एक रविवार काढून अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघून या, आणि मोजमापाची टेप बरोबर असू द्या. आम्ही फोटोवरून अंदाज बांधला आणि तोफ मांडवाच्या खांबाला अडली.