मर्लिन बर्ड आयडी: प्रेसशॉपमध्ये कान घालवलेल्या माणसाचं मत

पाचपैकी चार तारे. पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगणारं हे ॲप फुकट आहे, देऊन टाका पाचवा, असं पुतण्याचं म्हणणं. पण फुकटची वस्तूही पारखून घ्यायची आमची सवय.

माझी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर झाली. त्या काळी कानात बोळे घालणाऱ्याला पोरं हसायची. आता ऑडिओग्राम (कानाच्या तपासणीचा आलेख) काढला की रेघ चार हजार हर्ट्‌झपाशी, म्हणजे बारीक आवाजांच्या जागी, खड्ड्यात जाते. समोरासमोरचं बोलणं कळतं, पण चष्मेवाला, फुलटोच्या असल्यांची बारीक चिवचिव माझ्यापुरती बंद झाली. वेताळ टेकडीवरची सकाळ म्हणजे माझ्यासाठी मोर, कोकीळ आणि टिटवी. मोठ्या घशाची मंडळी तेवढी उरली होती.

मर्लिन हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ॲप. तसं ते २०१४ पासून आहे, पण आवाजावरून ओळखायची सोय २०२१ साली आली आणि खरी मजा तिच्यात आहे. बटण दाबायचं आणि गप उभं राहायचं. पडद्यावर आवाजाचा आलेख सरकत राहतो. जाड आवाज खाली, बारीक वर. त्याखाली नावांची यादी तयार होत जाते आणि पक्षी पुन्हा बोलला की त्याचं नाव पिवळं होतं.

आतली करामत अशी की ॲप आधी आवाजाचं चित्र करतं आणि मग ते चित्र ओळखतं. माणसांनी बसून खुणा केलेल्या ध्वनिमुद्रणांवरून ते हे शिकलंय. तांबट घ्या. कानाला नुसतं टुक्‌ टुक्‌, पण पडद्यावर एकसारख्या अंतरावर ठिपके पडतात, प्रेसमधून भोकं पाडून निघालेल्या पट्टीसारखे. दयाळाच्या शिळेची रेघ वळणं घेते. पावशाचं ‘पेर्ते व्हा’ पायरीपायरीने वर चढतं. आणि कधीकधी अगदी वरच्या टोकाला बारीक टिकल्या उमटतात, तेव्हा माझ्या कानाला काहीच नसतं. टेकडीखालच्या आंब्यावर बांडगूळ आहे, तिकडे बघितलं की अंगठ्याएवढा फुलटोच्या चोच उघडतोय, मिटतोय. आवाज नाही, पण टिकली बरोबर त्याच क्षणी उमटते. एवढ्यावर तीन तारे तिथल्या तिथे दिले.

एक तारा कापला, कारण नाव इतक्या ठामपणे झळकतं की लोक मान वर करायचंच सोडतात. कोतवाल शिक्र्याची नक्कल बेमालूम करतो. भृंगराज तर अख्ख्या जंगलाच्या नकला करेल. असल्या नकलाकारांपुढे कुठलंही आवाज ओळखणारं ॲप फसू शकतं, कारण बोलणारा कोण ते त्याला दिसत नाही. ठिकाण आणि तारीख बघून इथे कोण असू शकतं याचा अंदाज मर्लिन बांधतं, हे खरं. पण शिक्राही इथलाच आणि कोतवालही इथलाच, मग करणार काय? आमच्या हिचे कान शाबूत आहेत, शिवाय ती मुळशीची. ती आधी नाव सांगते, मग मी पडदा बघतो. दोघांचं जुळलं नाही की दुर्बीण काढायची.

म्हणून नुसत्या पिवळ्या नावाच्या भरवशावर ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी टाकतात त्या संकेतस्थळावर, नोंद ठोकू नका. त्या नोंदींवर मोठी कामं उभी राहतात. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल ९४२ जातींचा आहे आणि तो साधारण ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर बेतलेला आहे. तुमच्या-माझ्यासारखेच लोक ते.

आणखी एक. ॲपमध्ये पक्ष्यांचे आवाज ऐकायलाही मिळतात. काही कॅमेरेवाले ते स्पीकरवर लावून पक्ष्याला बोलावतात. विणीच्या दिवसांत नराला वाटतं हद्दीत दुसरा घुसला, आणि तो घरटं टाकून भांडायला धावतो. यांना फोटो मिळतो, त्याची सकाळ वाया जाते. ॲपचा यात काय दोष? तरी असला माणूस दिसला की मी टोकतो. म्हातारा असल्याचा तेवढा फायदा.

घेणाऱ्यांसाठी: भारताचा पॅक, म्हणजे इथल्या पक्ष्यांची माहिती, घरच्या वाय-फायवरच उतरवून घ्या, मग डोंगरात रेंज नसली तरी काम चालतं. वारा, बुटाखालची खडी, सोबत्याच्या गप्पा, सगळं माइकमध्ये येतं, तेव्हा चालता चालता वापरू नका. ध्वनिमुद्रणं फोनमध्येच साठतात आणि बरीच जागा खातात. नको असलेली वरचेवर पुसत चला, नाहीतर नातवंडांचे व्हिडिओ उतरायचे बंद होतील आणि घरात बोलणी बसतील.